आपल्याच सुराची चोरी

गिटारच्या सहाही तारा नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या. सर्वांत जाड तार ‘ई’वरून ‘डी’वर येते, तिच्या शेजारची ‘ए’वरून ‘जी’वर, आणि तसंच पुढे. नेहमीच्या बारीक तारा अशा उतरवल्या तर त्या ढिल्या पडतात, पडद्यांवर आपटून खरखरतात आणि जोरात छेडलं की सूर क्षणभर वर चढतो. म्हणून जाड तारा लावायच्या. मग ॲम्प्लिफायरवरचा ट्रेमोलो सुरू करायचा. ट्रेमोलोने आवाज ठरावीक गतीने लहानमोठा होत राहतो. ही गती गाण्याच्या लयीशी जुळली नाही, तर छेडलेले काही स्वर ऐकू येतात, काही बुडतात आणि वादन अडखळल्यासारखं वाटतं. जुळली, तर एकच कॉर्ड (एकत्र छेडलेला स्वरांचा गुच्छ) धरून बसलं तरी संथ पाण्यावर तरंग उठावेत तसा आवाज हलत राहतो. त्या तरंगांवर जोर देऊन एक ठसठशीत, लहानशी सुरावट खालच्या तारांवर वाजवायची आणि कॉर्ड बदलायची घाई अजिबात करायची नाही.

या कृतीतली एकही गोष्ट कुणाच्या मालकीची नाही. ट्रेमोलोचा असा वापर बो डिडली आणि पॉप्स स्टेपल्स यांनी आधीच करून ठेवला होता. एकाच कॉर्डवर अख्खं गाणं तोलून धरणं हा जॉन ली हूकर आणि हाउलिन वुल्फ यांचा हातखंडा होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या गायक-वादकांनी हे सगळं घडवलं आणि त्यांतल्या कितीतरी जणांना त्याचे पैसे धड मिळाले नाहीत, हे कॅलिफोर्नियातल्या एका गोऱ्या गायकाच्या तक्रारीची गोष्ट सांगताना विसरू नये असं मला वाटतं. तरीही हे सामान एकत्र आलं, त्यावर एक उंच, घासलेला, घशाच्या तळातून येणारा आवाज चढला, की रेडिओवर दोन सेकंदांत ओळख पटते: जॉन फोगर्टी.

त्याच्यावर १९८५ साली खटला झाला तो याच ओळखीपायी. आरोप असा, की त्याने जॉन फोगर्टीचं गाणं चोरलं.

हा विनोद म्हणून सांगितला जातो. मला तो कधीच विनोद वाटला नाही. गाणं, त्याचं ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्याची शैली या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कागदावर सही करून देता येतात. तिसरीचं काय, हे ठरवायला एका माणसाच्या आयुष्यातली कित्येक वर्षं गेली.

फोगर्टी बंधू सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या एल सेरिटो गावचे. टॉम थोरला, जन्म १९४१चा, जॉन १९४५चा. जॉन, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड शाळेत एकत्र वाजवू लागले, पुढे टॉम त्यांच्यात आला. १९६४मध्ये त्यांनी फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीशी करार केला. ही मुळात जॅझची कंपनी. डेव्ह ब्रूबेकच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स तिच्याच. कंपनीने या मुलांना ‘गॉलिवॉग्ज’ असं नाव परस्पर चिकटवलं. ते त्यांना मनापासून नावडत होतं, पण काही वर्षं निभावून न्यावं लागलं. जॉनला १९६६मध्ये लष्कराचं बोलावणं आलं आणि राखीव दलात जाऊन त्याने ते पार पाडलं. १९६७मध्ये कंपनीतल्याच सॉल झँट्स या विक्री सांभाळणाऱ्या माणसाने काही भागीदार जमवून फँटसी विकत घेतली, आणि त्यानंतर बँडने नवं नाव घेतलं: क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल.

पुढची तीन वर्षं थक्क करणारी आहेत. एकट्या १९६९मध्ये तीन अल्बम आले: जानेवारीत ‘बायू कंट्री’, ऑगस्टमध्ये ‘ग्रीन रिव्हर’ आणि वर्ष संपायच्या आत ‘विली अँड द पुअर बॉइज’. १९७०मध्ये आणखी दोन. गाणी लिहायची जॉनने, चाली त्याच्या, गाणं त्याचं, मुख्य गिटार त्याची, ध्वनिमुद्रणावर देखरेख त्याची. लुइझियानाची दलदल आणि मिसिसिपी नदी यांची गाणी लिहिणारा हा तरुण तोवर त्या भागात राहिलेलाही नव्हता; ती दलदल त्याने रेकॉर्ड्स ऐकून मनात उभी केली होती. बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत या बँडच्या पाच सिंगल्स (एका गाण्याच्या रेकॉर्ड्स) दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचल्या आणि पहिल्यावर एकही नाही. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या प्रसिद्ध संगीतमहोत्सवात ग्रेटफुल डेड या बँडनंतर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्यांची पाळी आली. समोरचे बहुतेक लोक झोपलेले. वादन आपल्या मापाचं झालं नाही असं जॉनला वाटलं आणि त्याने वुडस्टॉकच्या चित्रपटात ते घेऊ दिलं नाही. ती संपूर्ण मैफल अल्बम म्हणून बाहेर आली थेट २०१९मध्ये. आज ऐकलं तर वादन घट्ट आहे, कसलेलं आहे. तो निर्णय चुकला असं माझं मत आहे, आणि त्याच्या सोबत्यांचंही तेच म्हणणं होतं. ‘मी म्हणेन ते’ हा त्याचा हट्ट पुढे महागात पडणार होता, त्याची ही पहिली खूण.

आता कराराकडे वळू, कारण सगळी गाठ तिथे आहे.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. तिचा हक्क संगीतप्रकाशकाकडे सोपवला जातो. दुसरी म्हणजे मास्टर: स्टुडिओत भरलेली ती विशिष्ट फीत. ती रेकॉर्ड कंपनीची. रचनेतून पैसा येतो तो असा: रेकॉर्डची प्रत विकली की प्रत्येक गाण्यामागे ठरावीक दर, रेडिओवर किंवा मैफलीत वाजलं की वेगळा, चित्रपटात वापरलं की आणखी वेगळा. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दर गाण्याला २ सेंट हा दर घालून दिला होता आणि तो १९७८पर्यंत हलला नाही. रूढ पद्धतीप्रमाणे त्यातला अर्धा गीतकाराचा, अर्धा प्रकाशकाचा. हिशेब मांडून बघा: एका गाण्याच्या दहा लाख प्रती विकल्या, तर २०,००० डॉलर, लिहिणाऱ्याच्या हातात १०,०००. मास्टरमधून येणारी रॉयल्टी याहून निराळी. ती कलाकार म्हणून, वाजवणाऱ्या-गाणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते आणि तिची टक्केवारी करारात लिहिलेली असते.

फोगर्टीच्या बाबतीत मास्टर फँटसीचे होते, आणि रचनांचे प्रकाशनहक्क कंपनीच्याच प्रकाशनसंस्थेकडे. म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. त्यावर दर वर्षी अमुक इतकी गाणी ध्वनिमुद्रित करून देण्याचं बंधन होतं, आणि देणं राहिलं तर ते पुढच्या खात्यावर चढत जाणार. शेतकऱ्याच्या मागे सावकाराचं देणं लागतं तसंच हे, फक्त मोजणी गाण्यांत. यश आल्यावर चांगला करार करू असं आश्वासन मिळालं होतं, हे फोगर्टी पुढे आयुष्यभर सांगत आला. आश्वासन तोंडी असेल तर ते कागदावरच्या कलमापुढे टिकत नाही, आणि तरुण गायक-वादकांचं नुकसान होतं ते नेमकं इथे: बोलणं एकाशी होतं, सही दुसऱ्याच गोष्टीवर होते.

आपल्याकडे २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिचं मोल इथे कळतं. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी गाणं लिहिणाऱ्याला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा आता सही करूनही सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो, तेवढाच. कराराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पुण्या-मुंबईत गाणी लिहिणाऱ्या कुणीही कागदावर मुदत, प्रदेश आणि वापराचे प्रकार या तीन जागा आधी वाचाव्यात. फोगर्टीला असं संरक्षण नव्हतं.

बँड फुटण्याची कारणं मात्र सगळी करारात नव्हती. टॉम १९७१च्या सुरुवातीला बाहेर पडला. धाकट्या भावाच्या मागे उभं राहून ताल धरायचा आणि आपली गाणी कधीच घ्यायची नाहीत, हे त्याला सहन झालं नाही. उरलेल्या दोघांनी बरोबरीचा वाटा मागितला, तेव्हा जॉनने तो असा दिला, की कुक आणि क्लिफर्ड यांनी आपापली गाणी स्वतः लिहावी, स्वतः गावी. एप्रिल १९७२चा ‘मार्डी ग्रा’ हा अल्बम त्यातून आला. समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँड संपला. चार वर्षं ज्यांना गाण्याच्या जवळपास फिरकू दिलं नाही, त्यांच्यावर एका फटक्यात अर्धा अल्बम टाकायचा, हा न्याय नव्हता. मला फोगर्टीचं संगीत प्रिय आहे, पण या ठिकाणी मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

त्यानंतर तो एकटाच करारात अडकून राहिला. १९७३मध्ये त्याने सगळी वाद्यं स्वतः वाजवून जुन्या लोकप्रिय गाण्यांचा एक अल्बम केला. पुढे एसायलम कंपनीने त्याला घेतलं ते उत्तर अमेरिकेपुरतं. उरलेल्या जगात त्याच्यावर फँटसीचाच हक्क राहिला. १९७६मध्ये तयार झालेला ‘हूडू’ नावाचा अल्बम बाहेरच आला नाही. त्याच वर्षी फँटसीने क्रीडन्सच्या वीस गाण्यांचा ‘क्रॉनिकल’ हा संग्रह काढला. तो अमेरिकेत एक कोटीहून जास्त खपला आणि अजून खपतो.

बँडचे पैसेही गेले. कर वाचवण्यासाठी त्यांची मिळकत बहामातल्या नॅसाऊ इथल्या कॅसल बँकेत ठेवली गेली होती. १९७७मध्ये ती बँक बुडाली. घामाचा पैसा परक्या बेटावरच्या बँकेत का ठेवला, हा प्रश्न चौघांनाही पुढे छळत राहिला असणार.

शेवटी फँटसीच्या बंधनातून सुटण्यासाठी फोगर्टीने क्रीडन्सच्या सगळ्या जुन्या रेकॉर्ड्सवरची कलाकार म्हणून मिळणारी आपली रॉयल्टी सोडून दिली. गीतकाराचा वाटा राहिला, गायक-वादकाचा गेला. म्हणजे यापुढे ‘क्रॉनिकल’ची प्रत विकली गेली, की ढोल वाजवणाऱ्याला वाजवल्याचे पैसे मिळणार, बेसवाल्याला मिळणार, पण ज्याचा आवाज त्या रेकॉर्डवर आहे त्याला गायल्याचा एक सेंटही मिळणार नाही. सुटकेची एवढी किंमत.

मैफलीत जुनी गाणी गायचंही त्याने थांबवलं. मैफलीत गाणं झालं की सादरीकरणाच्या रॉयल्टीतला प्रकाशकाचा हिस्सा झँट्सकडे जाणार, आणि ते त्याला नको होतं. १९७२ ते १९८७, पंधरा वर्षं. माणूस गाडीतला रेडिओ लावतो, स्वतःचा आवाज ऐकतो आणि बटण फिरवतो, असं हे जगणं. इकडे झँट्स चित्रपटनिर्मितीत उतरला होता. त्याच्या तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. बर्कलीतली फँटसीची इमारत क्रीडन्सच्या कमाईवर उभी राहिली असं सगळेच म्हणत. झँट्सचे ते चित्रपट खरोखर चांगले आहेत. त्याला कलेची जाण नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

जानेवारी १९८५मध्ये वॉर्नर ब्रदर्सने फोगर्टीचा ‘सेंटरफील्ड’ आणला. पुन्हा सगळी वाद्यं त्याची स्वतःची. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत. शेवटचं गाणं होतं ‘झँझ कान्ट डान्झ’: नाचता न येणाऱ्या, पण खिसा कापणाऱ्या एका डुकराचं. नावातलं यमक ऐकून कुणालाही कळावं कुणाबद्दल आहे ते. झँट्सने अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुढच्या प्रतींसाठी फोगर्टीने गाणं पुन्हा गायलं आणि ‘झँझ’चं ‘व्हँझ’ केलं. हे प्रकरण तडजोडीने मिटलं. राग खरा होता, पण त्याने शत्रूच्या हाती आयतं हत्यार दिलं.

दुसरा दावा खरा महत्त्वाचा. फँटसीचं म्हणणं: ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ म्हणजे १९७०च्या ‘रन थ्रू द जंगल’वर नवे शब्द चढवले आहेत, बाकी काही नाही. ‘जंगल’ लिहिलं फोगर्टीने, पण त्याचा कॉपीराइट फँटसीकडे. कायद्याच्या नजरेत लेखक परका झाला होता.

कॉपीराइटभंग सिद्ध करायला साधारणपणे तीन गोष्टी लागतात: हक्क आपला असणं, प्रतिवादीने मूळ रचना ऐकलेली असण्याची शक्यता, आणि दोन रचनांत ठळक साम्य. नेहमी झुंज दुसऱ्या मुद्द्यावरही होते. मी ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं असं सांगता येतं. न कळत झालेली नक्कलही नक्कलच, हे १९७६मध्ये बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनविरुद्धच्या निकालाने ठरवलं होतं. फोगर्टीला तर हा बचावही नव्हता. ज्याने गाणं लिहिलं त्याने ते ऐकलं नव्हतं असं कोण म्हणणार? सगळा भार साम्यावर आला.

साम्य तपासण्याची रीत अशी. दोन्ही गाणी आधी एका पट्टीत आणायची, कारण पट्टीवर कुणाचा हक्क नसतो. ‘जंगल’ डी मायनरमध्ये आहे, ‘ओल्ड मॅन’ ईमध्ये. मग गायलेली चाल तेवढी वेगळी काढून एकाखाली एक लिहायची. प्रत्येक स्वराला तीन गोष्टी जोडायच्या: षड्जापासून तो कितवा, किती मात्रा टिकतो, आवर्तनात कुठे पडतो. त्यानंतर दोन्हींत जे त्या शैलीत सर्रास आढळतं त्यावर काट मारायची: ब्लूजचा कोमल गंधार, एका कॉर्डवर रेंगाळणं, कडव्याच्या शेवटी गाण्याचं नाव घेत खाली उतरणं, ट्रेमोलो. जे उरेल त्यावर वाद. इथे चूक होते ती अशी, की दोन्ही गाणी एकदम वाजवून ‘बघा, कशी चपखल बसतात’ असं दाखवलं जातं. एका कॉर्डवरची, सारख्या लयीची कुठलीही दोन गाणी एकमेकांवर बसतातच. त्यातून चोरी सिद्ध होत नाही. भीमपलासातल्या दोन बंदिशींचं चलन एकच असतं, पकड एकच असते, म्हणून दुसरी बंदिश पहिलीची चोरी ठरत नाही. हे आपल्याला सहज समजतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीला ते समजावून सांगावं लागलं.

हे काम अवघड होतं, कारण त्या भागातल्या केंद्रीय न्यायालयांत कसोटी दुहेरी असते. पहिल्या टप्प्यात तज्ज्ञ अशी वजाबाकी करून दाखवतात. दुसऱ्या टप्प्यात सामान्य श्रोत्याला एकूण परिणाम सारखा वाटतो का, हे ज्युरी स्वतःच्या कानांनी ठरवते. आणि सामान्य कानाला तर एकाच माणसाची दोन गाणी सारखी वाटणारच! तोच घसा, तीच बोटं.

१९८८च्या शरद ऋतूत खटला उभा राहिला. फोगर्टी साक्षीदाराच्या जागी गिटार घेऊन बसला आणि वाजवून दाखवलं: हे ‘जंगल’, हे ‘ओल्ड मॅन’, आणि ही ती पद्धत जिच्यातून दोन्ही निघाली. इथे तो वाचला तो शब्दांनी नाही. दोन गाणी एका हातातून निघतात तेव्हा हाताची ठेवण त्यांत राहणारच, हे त्याने बोटांनी सिद्ध केलं. तो हरला असता, तर यापुढे त्याला प्रत्येक नवं गाणं आपल्या जुन्या गाण्यांपासून दूर ओढत न्यावं लागलं असतं. म्हणजे स्वतःसारखं गाणंच सोडून द्यावं लागलं असतं. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला.

जिंकला, पण वकिलांचं बिल दहा लाख डॉलरच्या वर गेलेलं. अमेरिकेत ज्याचा खर्च त्याने सोसायचा हा नेम आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५०५व्या कलमात मात्र जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाची फी देववण्याची मुभा न्यायालयाला आहे. पण त्या भागातल्या अपील न्यायालयाचा प्रघात दुटप्पी होता: वादी जिंकला तर त्याला फी सहसा मिळायची, प्रतिवादी जिंकला तर समोरच्याचा दावा पोकळ किंवा दुष्ट हेतूने केलेला होता हे त्याने आधी सिद्ध करायचं. फोगर्टीला फी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

१ मार्च १९९४ला निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती फोगर्टीच्या बाजूने. निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचं. हरणाऱ्याने आपोआप जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा ही ब्रिटिश पद्धत फोगर्टीने मागितली होती, ती न्यायालयाने दिली नाही. पण वादी आणि प्रतिवादी यांना एकाच मापाने मोजायचं, हे ठरलं. कारण साधं आणि माझ्या मते फार मोलाचं आहे: कॉपीराइटचा हेतू लोकांना नव्या रचना मिळाव्यात हा आहे, आणि खोट्या आरोपापासून एखादी खरी नवी रचना वाचवणारा माणूस तो हेतू तितकाच पुढे नेतो. फी देताना काय पाहावं हेही निकालात आलं: दावा पोकळ होता का, हेतू काय होता, तथ्यांच्या आणि कायद्याच्या दृष्टीने तो अवाजवी होता का, भरपाईची आणि पुढच्यांना आळा घालण्याची गरज किती. प्रकरण खाली परत गेलं आणि फोगर्टीला १३,४७,५१९ डॉलर आणि १५ सेंट मंजूर झाले. अपिलात १९९६मध्ये तो आकडा कायम राहिला. आज अमेरिकेत गाणं चोरल्याचा आळ ज्या कुणावर येतो, त्याचा वकील हा निकाल पुढे ठेवतो. तीन गिटारवाल्यांचा गरीब बँडसुद्धा त्यामुळे तडजोड नाकारण्याचा विचार करू शकतो.

न्यायालयात तो बरोबर होता. घरात तसं म्हणता येत नाही. टॉमचे झँट्सशी चांगले संबंध राहिले आणि जॉनला तो विश्वासघात वाटला. सप्टेंबर १९९०मध्ये टॉम गेला. रक्त चढवताना एचआयव्हीचा संसर्ग झाला होता, त्यात क्षयाने गाठलं. वय अवघं ४८. दोघा भावांत समेट झाला नव्हता. जानेवारी १९९३मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्रीडन्सचा सन्मान झाला तेव्हा कुक आणि क्लिफर्ड समोर बसलेले असताना जॉनने त्यांच्यासोबत वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन यांना घेऊन आपली गाणी गायली. दोघांनी झँट्सची साथ दिली याचा राग समजतो. पण ती रात्र चौघांच्या नावाची होती. कुक आणि क्लिफर्ड यांनी १९९५मध्ये ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड’ काढला, त्यावरही खटला झाला. वाद्यांपेक्षा कागदच जास्त वाजले.

जुन्या गाण्यांकडे जॉन परतला त्याचा किस्सा बरा वाटतो. फेब्रुवारी १९८७मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या पॅलोमिनो क्लबात बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन मंचावर आले होते. ‘प्राउड मेरी’ तू गायला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचंच गाणं समजतील, असं डिलनने सुचवल्याचं फोगर्टी सांगतो. चूक नव्हतं: आइक आणि टीना टर्नर यांचं १९७१चं रूप चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं आणि कित्येकांना तेवढंच माहीत होतं. त्या रात्री तो गायला. मग ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या मैफलीत त्याने क्रीडन्सची गाणी उघडपणे गायली. ‘फॉर्च्युनेट सन’ ज्यांच्यासाठी लिहिलं होतं ते लोक समोर होते. ऑक्टोबर २०२०मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभांत तेच गाणं वाजू लागलं, तेव्हा वापर थांबवण्याची नोटीस त्याने पाठवली. वडिलांच्या पैशाने आणि ओळखीने लष्करभरती चुकवणाऱ्यांवरचं ते गाणं आहे, आणि गाणं आपलं नसलं तरी त्याचा अर्थ आपला आहे असं तो पहिल्यापासून मानत आला.

२००४मध्ये कॉनकॉर्ड कंपनीने फँटसी विकत घेतली आणि सोडून दिलेली कलाकाराची रॉयल्टी त्याला परत सुरू करून दिली. झँट्स जानेवारी २०१४मध्ये वारला. जानेवारी २०२३मध्ये क्रीडन्सच्या गाण्यांच्या जागतिक प्रकाशनहक्कांतला बहुसंख्य वाटा फोगर्टीने कॉनकॉर्डकडून घेतला. वय ७७. यामागे भावना आहे तसं गणितही आहे. १९७८पूर्वीच्या रचना ज्याने सोपवून दिल्या, त्याला किंवा त्याच्या वारसांना ५६ वर्षांनी अमेरिकेतले हक्क परत मागता येतात; त्यासाठी पाच वर्षांची खिडकी उघडते आणि नोटीस किमान दोन, जास्तीत जास्त दहा वर्षं आधी द्यावी लागते. १९६९मध्ये ५६ मिळवा: २०२५. नोटिशीची तारीख चुकली आणि खिडकी मिटली, तर हक्क हातचे गेले. शिवाय ही सोय अमेरिकेपुरती. जगभरचे हक्क हवे असतील तर वाटाघाटीच कराव्या लागतात.

मास्टर मात्र कॉनकॉर्डकडेच राहिले, आणि तिथे ५६ वर्षांचा नियमही कामाचा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट दिला तो १५ फेब्रुवारी १९७२पासून. क्रीडन्सच्या सात अल्बमपैकी सहा त्याआधीचे आहेत, आणि सातवा तो ‘मार्डी ग्रा’.

मग उरतो एकच मार्ग: पुन्हा गायचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्या विशिष्ट फितीवरच्या आवाजापुरता असतो. नव्याने वाजवून तसाच आवाज काढला, कितीही हुबेहूब काढला, तरी तो त्या हक्काचा भंग होत नाही. २०२५मध्ये, ऐंशीव्या वर्षी, फोगर्टीने क्रीडन्सची वीस गाणी शेन आणि टायलर या दोन मुलांना सोबत घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केली. जुनी रिकनबॅकर गिटार त्याने सत्तरच्या दशकात देऊन टाकली होती. पत्नीने ती शोधून २०१६च्या नाताळात त्याला परत दिली. तीच गिटार, तेच ट्रेमोलोचे तरंग, पट्टी तीच. पूर्वी ज्या साम्यासाठी त्याला ज्युरीपुढे उभं केलं होतं, ते साम्य या वेळी त्याने स्वतः, स्वरागणिक पडताळून, गाण्यात आणलं.